डिमेन्शियाच्या निवासी केंद्रांचं मूल्यमापन: सगळीच केंद्रं ‘उत्तम’ कशी निघतात?

कोरी_पाटी

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांचं वार्षिक मूल्यमापन करायला आमच्या गटाकडे एक तक्ता आहे. अग्निसुरक्षा, स्वयंपाकघराची स्वच्छता, औषधांचं कपाट, कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं, तक्रारवही, धोरणांच्या फायली. सगळं हो/नाही स्वरूपात. झालंय असं की जवळजवळ प्रत्येक केंद्र नव्वदीच्या घरात गुण घेतं. प्रत्यक्षात मात्र दोन केंद्रांमधला फरक दिवाणखान्यात दहा मिनिटं बसलं तरी जाणवतो. जाणवतो, पण अहवालात ‘जाणवतं’ असं लिहून चालत नाही.

विचारायचंय ते असं:
१. तक्त्यात नेमकं काय राहिलंय?
२. पडण्याचे, जखमांचे, औषधांचे आकडे मागवले तर लहान-मोठ्या केंद्रांची तुलना करता येते का?
३. रहिवाशांना विचारावं, की नातेवाइकांच्या प्रश्नावलीवर भागवावं?

एका केंद्रासाठी दोन माणसं आणि एक अख्खा दिवस, एवढंच हाताशी आहे.

---

तिसरीपाळी

अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या दर्जाची तीन अंगं मांडली: व्यवस्था, प्रक्रिया आणि परिणाम. तुमचा तक्ता जवळपास सगळा पहिल्या अंगात अडकलाय. व्यवस्था पैसे टाकून उभी करता येते आणि कागदावर दाखवता येते, म्हणून तिथे सगळे पास होतात. डिमेन्शियाच्या माणसाचा दिवस चांगला की वाईट गेला हे ठरतं प्रक्रियेत, आणि ती बघायची तर बसून बघावी लागते.

निरीक्षणाची तयार साधनं आहेत. ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’ ही टॉम किटवूड आणि ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत. दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवासी काय करतोय याचा संकेत लिहायचा आणि त्याची मनःस्थिती व गुंतणूक उणे ५ ते अधिक ५ या श्रेणीत मांडायची. पद्धत खोलवर जाणारी आहे, पण रीतसर प्रशिक्षण लागतं आणि तासन्‌तास बसावं लागतं. तुमच्या एका दिवसात ती मावणार नाही.

त्यापेक्षा १९९३ पासून वापरात असलेली ‘क्विस’ ही साधी नोंदपद्धत घ्या. कर्मचारी आणि रहिवासी यांच्यातला प्रत्येक व्यवहार पाचपैकी एका खणात टाकायचा:

- सकारात्मक सामाजिक: कामापलीकडचा संवाद. ‘आज केस कुणी विंचरून दिले? छान दिसताय.’
- सकारात्मक काळजी: काम करताना सांगून, विचारून, थांबून केलेलं. ‘आता उजवा हात वर घेऊया का?’
- तटस्थ: समोर ताट ठेवलं, निघून गेला. वाईट काही झालं नाही, माणूस भेटलाही नाही.
- नकारात्मक, संरक्षणाच्या नावाखाली: ‘उठू नका, पडाल.’ कारण योग्य, पद्धत चुकीची.
- नकारात्मक, अडवणारा: ओरडणं, दुर्लक्ष करणं, समोर टेबल लावून खुर्चीत अडकवून ठेवणं.

दोन निरीक्षकांनी आधी एकाच खोलीत अर्धा तास बसून स्वतंत्रपणे नोंदी कराव्यात आणि ताडून बघाव्यात. तटस्थ आणि सकारात्मक काळजी या दोन खणांवर सर्वांत जास्त मतभेद होतात. ते तिथेच मिटवले नाहीत, तर दिवसभराच्या नोंदी एकत्र करता येत नाहीत.

वेळही सांभाळा. सकाळी अकराला कुठलंही केंद्र गोजिरं दिसतं. जेवणाची वेळ, पाळी बदलतानाचा अर्धा तास आणि संध्याकाळी चार ते सात या तिन्ही वेळा हव्यातच. संध्याकाळी बऱ्याच रहिवाशांची अस्वस्थता वाढते आणि नेमकी तेव्हाच माणसं कमी असतात. आणखी एक वेळ लोक विसरतात: दोन कामांच्या मधली. अंघोळी उरकल्यात, जेवणाला तास आहे. या तासात काय घडतं? टीव्ही चालू, सगळे भिंतीला पाठ लावून गोलात बसलेले, निम्मे झोपलेले. ‘क्विस’मध्ये इथे नोंदच पडत नाही, कारण व्यवहारच होत नाही. म्हणून जिथे व्यवहार शून्य आहे अशी पाच-पाच मिनिटं वेगळी मोजा. दर्जातला खरा फरक बहुतेकदा या रिकाम्या खणांत निघतो.

भरवण्याकडे जवळून बघा. मदतनीस उभा राहून भरवतोय की डोळ्यांच्या पातळीला बसून? घास दाखवून पुढे आणतो की बाजूने चमचा येतो? उभ्याने भरवलं की माणूस मान वर करतो, आणि मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडून ठसका लागतो. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा येतोय का, ते गळ्याकडे बघून कळतं. हनुवटीवरचा ओघळ न सांगता चमच्याच्या कडेने खरवडून परत तोंडात घालणं ही अगदी सर्रास दिसणारी गोष्ट, ती नकारात्मक खणात जाते. भरवताना मदतनीस दुसऱ्या मदतनिसाशी डोक्यावरून गप्पा मारत असेल, तर तेही लिहा.

निरीक्षण फक्त सामाईक जागेत. अंघोळ, कपडे बदलणं, शौचालय इथे बसायचं नाही. कुणी रहिवासी तुमच्या असण्याने अस्वस्थ होत असेल, तर जागा सोडायची.

---

भाजक

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आकडे मागवा, पण नुसती संख्या नको, भाजक हवा. पडण्याचा दर १००० निवासी-दिवसांमागे काढतात. २४ रहिवाशांच्या केंद्रात ३० दिवसांचे ७२० निवासी-दिवस होतात. महिन्यात ३ वेळा कुणी पडलं तर दर ४.२, चार वेळा पडलं तर ५.६. एका घटनेने दर एवढा उडतो, म्हणून महिन्याची तुलना निरर्थक. वर्षाचे ८७६० निवासी-दिवस घ्या. ३६ घटना असतील तर दर ४.१. तरीही योगायोगाचा पल्ला मोठाच राहतो: घटनांच्या वर्गमुळाची दुप्पट दोन्ही बाजूंना धरली, तर २४ ते ४८, म्हणजे दर २.७ ते ५.५. शेजारच्या केंद्राचा दर ५ असेल, तर ‘ते वाईट, हे चांगलं’ असं म्हणायला काहीच आधार नाही. लहान केंद्राची तुलना त्याच्याच गेल्या वर्षाशी करा.

आता खरी गोम. कमी आकडा म्हणजे चांगली काळजी, हे गृहीत धरू नका. पडण्याचे आकडे दोन वाईट मार्गांनीही खाली येतात: नोंद न करणं आणि माणसाला उठूच न देणं. खुर्चीला पट्टा, दोन्ही बाजूंचे कठडे वर, झोपेचं औषध. म्हणून प्रत्येक आकड्याला त्याचा जोडीदार द्यायचा:

- पडण्याचा दर + किती जण स्वतः किंवा आधाराने रोज चालतात + बांधून ठेवण्याची नोंद
- बेडसोर (पडून राहून, दाबाने होणाऱ्या जखमा) + त्यातले केंद्रात आल्यानंतर झालेले किती
- मूत्रसंसर्ग + किती जणांना ठरलेल्या वेळी शौचालयात नेलं जातं आणि किती जण फक्त डायपरवर आहेत
- तक्रारी + त्या कुणी केल्या. वर्षभरात शून्य तक्रारी हे चांगलं लक्षण मानू नका.

वजन हा मला सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो, कारण तो सजवणं कठीण. महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत ७.५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची पातळी म्हणून बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. ५२ किलोची व्यक्ती महिन्यात ४९.४ वर आली की पाच टक्के झाले. केंद्राला विचारा की गेल्या सहा महिन्यांत ही रेषा कोणी ओलांडली आणि त्यानंतर आठवड्याभरात काय केलं गेलं. ‘डॉक्टरांना कळवलं’ हे उत्तर अपुरं आहे. दात बघितले का, कवळी बसते का, गिळण्याची तपासणी झाली का, जेवायला किती वेळ दिला जातो, मधल्या वेळचं खाणं वाढवलं का, हे फाइलमध्ये सापडलं पाहिजे. आणि वजनकाटा एकच आहे का, तो तपासलेला आहे का, तेही बघा. काटा बदलला की दोन किलोंचा फरक फुकटात मिळतो.

मनुष्यबळाचाही भाजक काढा. ‘२४ जणांमागे ११ मदतनीस’ असं सांगतात. सकाळी ५, दुपारी ४, रात्री २, प्रत्येकी ८ तास म्हणजे ८८ तास, माणशी ३.७ तास. पण सकाळच्या पाचातला एक धुलाईत आणि दुपारच्या चारातला एक स्वयंपाकघरात असेल, तर उरले ७२ तास, माणशी बरोबर ३. ठरवलेलं वेळापत्रक बघू नका, हजेरीपट आणि पगारपत्रक ताडून बघा, त्यातही रविवार आणि सणासुट्टीचे दिवस. शिवाय वर्षभरात सोडून गेलेल्यांच्या संख्येला कर्मचाऱ्यांच्या सरासरी संख्येने भागून माणसं बदलण्याचा दर काढा. डिमेन्शियात ओळखीचा चेहरा हेच निम्मं औषध असतं, आणि ज्या केंद्रात मदतनीस दर तीन महिन्यांनी नवा, तिथे कुणाला कशाची भीती वाटते हे कुणालाच माहीत नसतं.

---

निंबोणी

वरच्या दोघांशी सहमत. एक भर: कागद आणि माणूस एकमेकांसमोर धरून बघणं. पद्धत अशी.

चार-पाच रहिवासी तुम्ही निवडा, केंद्राला निवडू देऊ नका. एक नुकताच आलेला, एक अंथरुणाला खिळलेला, एक सतत फिरणारा, एक ज्याच्याकडे कुणी भेटायला येत नाही. शेवटचा तर हवाच, कारण त्याच्या वतीने बोलणारं कुणी नसतं. त्यांच्या फायली आधी वाचा, मग माणूस बघा.

फाइलमध्ये ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’ असा तक्ता असतो. ८.००, १०.००, १२.००, २.०० अशा काटेकोर वेळा, एकच शाई, एकाच हाताची सही आणि तुम्ही साडेअकराला बघताय तर बाराचीही खूण झालेली. याला पाळीच्या शेवटी एकदम भरलेला तक्ता म्हणतात. खऱ्या नोंदी वेड्यावाकड्या असतात: १०.२०, ‘झोपले होते, उठवलं नाही’, मग १०.५०. पाण्याच्या तक्त्याचंही तेच. सकाळपासून ६०० मिली लिहिलंय आणि खाटेजवळचा ग्लास झाकणासकट भरलेला, हाताच्या टप्प्याबाहेर.

बेडसोरबद्दल: पहिल्या टप्प्यात त्वचा फाटलेली नसते, दाबल्यावर न जाणारा लालसरपणा असतो. सावळ्या त्वचेवर तो बऱ्याचदा दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार वाटणं, घट्टपणा, दुखणं यावरून ओळखावं लागतं. म्हणून सिस्टरना विचारा, ‘सावळ्या त्वचेवर सुरुवात कशी ओळखता?’ उत्तर अडखळलं, तर त्या केंद्राचा शून्य बेडसोरचा आकडा मी फारसा मनावर घेणार नाही. टाचा बघितल्या जातात का, तेही विचारा. माकडहाडाकडे लक्ष जातं, टाचा राहतात.

औषधं. अँटिसायकोटिक (मुळात तीव्र मनोविकारांवरच्या) गोळ्या किती जणांना चालू आहेत आणि कशासाठी, ही यादी घ्या. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गोळ्यांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं (चाचण्यांत सुमारे १.६ ते १.७ पट आढळलं), म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये नव्या पिढीच्या आणि २००८ मध्ये जुन्या गोळ्यांवरही ठळक इशारा लावला. त्या कधीच द्यायच्या नाहीत असं नाही. कारण ‘आरडाओरडा’ एवढंच लिहिलंय का, आधी दुखणं, बद्धकोष्ठ, संसर्ग, एकटेपणा तपासला का, आणि कमी करण्याची तारीख ठरली आहे का, हे बघायचं. ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहिलेल्या गोळीच्या नोंदी तारखेनुसार मांडा. त्या ठरावीक पाळीत किंवा ठरावीक व्यक्तीच्या ड्यूटीला गोळा होत असतील, तर गरज कुणाची होती ते उघड होतं.

आणि दुखणं. बोलू न शकणारा माणूस दुखतंय असं सांगत नाही, तो अंघोळीला मारायला उठतो. ‘पेनॅड’ मोजपट्टीत श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणं अशा पाच बाबींना ० ते २ गुण देतात, एकूण १०. मात्र स्वस्थ पडलेल्या माणसावर मोजली तर शून्यच येणार. हलवताना, कपडे बदलताना मोजली जाते का, ते विचारा. फायलींमध्ये मोजपट्टी असूनही सगळीकडे ‘०’ दिसण्याचं कारण बहुधा हेच.

---

कोरी_पाटी

खूप उपयोगी, आभार. दोन शंका. निरीक्षक बसलेत म्हटल्यावर सगळे गोडच वागणार, मग त्या नोंदींचं काय मोल? आणि तिसरा प्रश्न राहिला: स्मरणशक्तीच गेलीय अशा माणसाला विचारून काय मिळणार?

---

तिसरीपाळी

वागणूक सुधारते हे खरं, पण माणूस आपल्याला येतं तेवढंच सुधारून दाखवू शकतो. आवाज खाली येतो, ‘आजी’, ‘काका’ सुरू होतं. पण पवित्रा, घास देण्याचा वेग, पाठीमागून खुर्ची न सांगता ढकलणं या सवयी तासाभरात परत डोकावतात. दुसरं, रहिवाशांना नाटक जमत नाही. मदतनीस जवळ येताच कुणी अंग चोरतं का, कुणाचा हात आपसूक पुढे येतो का, ते बघा. एरवी कुणी न बोलणाऱ्याशी आज अचानक कुणी गोड बोललं, तर तो गोंधळून बघतो. आणि प्रमुखांना कळवलेल्या दिवसाखेरीज एक न कळवलेली संध्याकाळ ठेवाच.

विचारण्याबद्दल माझं मत ठाम आहे: विचारा. काल काय खाल्लं हे आठवत नसलं, तरी आत्ता बरं वाटतंय का, इथली माणसं कशी वागतात, हे सौम्य आणि मध्यम टप्प्यातले बहुतेक जण सांगू शकतात. त्यासाठी जीवनमानाच्या तयार प्रश्नावल्या आहेत. ‘क्यूओएल-एडी’मध्ये १३ बाबी आहेत, प्रत्येकीला वाईट, बरं, चांगलं, उत्तम असे चार पर्याय, एकूण १३ ते ५२. ‘डेमक्वॉल’मध्ये २८ प्रश्न, आणि सांभाळणाऱ्याने उत्तर द्यायची त्याची वेगळी आवृत्ती ३१ प्रश्नांची. नातेवाईक आणि कर्मचारी सर्वसाधारणपणे रहिवाशापेक्षा कमी गुण देतात. म्हणून एका केंद्रात रहिवाशांचे आणि दुसऱ्यात नातेवाइकांचे गुण घेऊन तुलना करायची नाही. बोलणं जवळपास थांबलेल्यांसाठी ‘क्वालिडेम’सारखी, कर्मचाऱ्यांनी निरीक्षणावरून भरायची साधनं आहेत. अतिप्रगत टप्प्यासाठी त्याची १८ प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे.

विचारताना: शांत जागा, श्रवणयंत्र लावलेलं, चष्मा पुसलेला, एका वेळी एकच प्रश्न, पर्याय मोठ्या अक्षरांत समोर. प्रश्नानंतर मनात दहा मोजा, उत्तर घाईने तोंडात घालू नका. कर्मचारी ऐकायच्या अंतरावर नको. ‘इथे सुखी आहात ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ येणारच.

नातेवाइकांची प्रश्नावली टाकून देऊ नका, पण ‘समाधानी आहात का’ हा प्रश्न काढा. दुसरी जागा शोधायची धास्ती असते, त्यामुळे सगळे समाधानी असतात. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा: गेल्या महिन्यात न कळवता आलात तेव्हा ते कुठे, काय करत होते? अंगावरचे कपडे त्यांचेच होते का? कवळी तोंडात होती का? काही बिघडलं तर फोन किती वेळाने आला?

---

उंबरठा

इमारतीबद्दल थोडंसंच, कारण तुमच्या तक्त्यात ती आहे, पण चुकीच्या अंगाने. झुंबर आणि चकचकीत फरशी यांना गुण देऊ नका. चकचकीत फरशी डिमेन्शियाच्या डोळ्यांना ओली दिसते, आणि गडद गालिचाचा चौकोन खड्ड्यासारखा वाटून माणूस त्याच्यासमोर थबकतो. बघायचं ते असं: खाटेवरून किंवा खुर्चीतून शौचालयाचं दार दिसतं का, कमोडची बैठक भांड्याहून वेगळ्या रंगाची आहे का, पांढऱ्या ताटात पांढरं अन्न वाढलंय का, दिवाणखान्यातला दिवसाचा गोंगाट किती, बाहेर मोकळ्या जागेत जायला परवानगी लागते की दार उघडंच असतं. फिरणाऱ्या माणसाला फिरून परत जागेवर येता येईल अशी वाट आहे का? बंद दारापाशी संपणाऱ्या लांब व्हरांड्याच्या टोकाला भांडणं होतात. रात्री एकदा शौचालयाचा दिवा लागतो का, ते स्वतः बटण दाबून बघा.

---

भाजक

दिवस कसा वाटायचा ते सुचवतो. सकाळी साडेसातला पोहोचा, रात्रपाळी निघण्याआधी. रात्रपाळी सकाळच्या पाळीला काय निरोप देते ते ऐका. ‘सगळे ठीक’ एवढाच असेल तर तेच लिहून ठेवा. चांगल्या निरोपात नावानिशी झोप, लघवी, खाणं, मनःस्थिती येते. मग न्याहारीचं निरीक्षण. नंतर एकाने फायली, दुसऱ्याने रहिवाशांशी बोलणं. जेवणाला दोघांनी वेगवेगळ्या टेबलांपाशी. दुपारी आकडे आणि हजेरीपट, चारनंतर परत दिवाणखाना. प्रमुखांशी बोलणं सर्वांत शेवटी, नाहीतर दिवसभर त्यांच्याच चष्म्यातून बघाल.

गुणांची बेरीज मात्र करू नका. नव्वदीची कीड तिथूनच लागते: बागेचे गुण पट्ट्याने बांधलेल्या माणसाची भरपाई करतात. काही गोष्टी बेरजेबाहेर ठेवा, एक सापडली तरी बाकीचे गुण जाहीर करायचे नाहीत: लेखी कारणाशिवाय बांधणं, अन्नात लपवून दिलेलं औषध ज्याचा डॉक्टर आणि कुटुंब यांच्याशी झालेला निर्णय फाइलमध्ये नाही, न कळवलेली दुखापत, आधीच भरलेले तक्ते. उरलेल्यांचे चार वेगळे भाग द्या: निरीक्षण, आकडे, फाइल-माणूस ताळा, रहिवासी व नातेवाईक. चारांत विसंगती आली, म्हणजे आकडे सुंदर पण दिवाणखान्यात शुकशुकाट, तर सरासरी काढण्याऐवजी ती विसंगतीच अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा आणि न कळवलेली भेट त्या केंद्राला आधी द्या.

---

निंबोणी

अन्नात लपवलेल्या औषधाबाबत एक पुरवणी: गोळी कुटून मिसळताना कुठली कुटायची नाही, याची यादी औषधाच्या ट्रॉलीवर लावलेली असते का, ते बघा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. संध्याकाळची सुस्ती ‘आजार वाढला’ म्हणून फाइलमध्ये लिहिली जाते आणि कुणी खलबत्त्याकडे बघत नाही.